गलबतावरचा दुसरा माणूस

इतिहासाच्या पुस्तकात गलबताचं चित्र आलं की सर पहिल्यांदा कप्तानाच्या तोंडावर अंगठा ठेवायचे. मग पुस्तक वर्गाकडे वळवून विचारायचे, "हा झाकला. आता सांगा, वाट कोणी दाखवली?"

कप्तान झाकला की चित्रात उरायचं ते शीड, दोर आणि मागे ठिपक्यांएवढी चारदोन माणसं. कुणीतरी धीर करून म्हणायचं, "वाऱ्यानं, सर."

"वारा बोलतो काय रे? वारा सांगतो का, डावीकडे वळ, पुढे खडक आहे? माणूस लागतो त्याला, माणूस! कुठाय तो? कुठे लपवलाय ह्यांनी?"

आणि त्या पानाकडे असं रोखून बघायचे, की लेखक आतच दडून बसलाय असं पोरांना वाटावं. शेजारच्या वर्गात मी अपूर्णांक शिकवत असायचे. आमच्या दोन वर्गांमधली भिंत अर्धीच होती, वर पत्रा. सरांचा आवाज सगळा माझ्या फळ्यावर येऊन आदळायचा. माझी पोरं भागाकार सोडून तिकडे कान लावायची आणि मी वैतागून डस्टर आपटायचे. पण खरं सांगू, पोरांबरोबर माझाही एक कान तिकडेच असायचा.

मुरबाडहून माळशेज घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, वैशाखऱ्याच्या अलीकडे आमची शाळा. नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. मी मुरबाडचीच, सर शहापूरचे. आता तुम्हीच सांगा, शहापूरला समुद्र कुठून येणार? धरणं आहेत, डोंगर आहेत, पण समुद्र? हा माणूस उभ्या जन्मात होडीत बसला नव्हता. सहलीची एसटी घाटातली वळणं घ्यायला लागली की हातात लिंबू धरून, खिडकीतून तोंड बाहेर काढून बसायचा. आणि खाली उतरला की पुन्हा तोंडात वारे, भरती आणि गलबतं.

हे वेड लागलं कुठून, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, बी.एड.ला असताना कल्याणच्या एका वाचनालयात जुनं पुस्तक हाती आलं. पोर्तुगीज कप्तान आफ्रिकेला वळसा घालून आला खरा, पण पुढचा समुद्र ओलांडायचा कसा ते त्याला ठाऊक नव्हतं. तेव्हा तिथल्या एका बंदरावर, पुस्तकात लिहिलं होतं, 'एक वाटाड्या गलबतावर घेण्यात आला.'

"घेण्यात आला!" सरांचा आवाज चढला. "बाई, तांदळाचं पोतं घेतात तसा! आणि त्या पोत्याने ह्यांना सरळ केरळच्या किनाऱ्याला आणून लावलं. कुणी म्हणतं तो गुजराती, कुणी म्हणतं अरब. नाव धड नाही, गाव धड नाही. वारं कधी फिरतं हे ज्याला ठाऊक होतं तो गायब, आणि ज्याला काही ठाऊक नव्हतं त्याचं नाव आपल्या पोरांना तोंडपाठ. मला दाट संशय आहे, बाई. हे मुद्दाम केलंय."

'मला दाट संशय आहे' हे सरांचं वाक्य. ते एकदा समुद्रावरून सुरू झालं आणि सगळ्या जगावर पसरलं. शिक्षकांच्या खोलीत त्यांचा वेगळा माठ होता आणि झाकणावर ते एक खडू ठेवायचे, विशिष्ट कोनात. खडू हलला की चौकशी. चहा आला की आधी वास, मग, "दूध कुठलं?" आंबेवाला हापूस म्हणाला की, "कोणी सांगितलं हापूस म्हणून? झाडाने?" त्यांच्या बायकोने मला एकदा हसत हसत सांगितलं होतं, "लग्नाआधी आमच्या गावात येऊन ह्यांनी दुकानदाराकडे, पिठाच्या गिरणीत, पोस्टमनकडे, सगळीकडे माझी चौकशी केली. शेवटी माझे वडील म्हणाले, हा नवरा आहे का सीआयडी?"

पण एक होतं. सरांचा संशय सगळा एकाच बाजूला वळायचा. कुणीतरी मागे राहिलंय, कुणाला तरी झाकलंय, हा त्यांचा संशय. गावात बोअरिंगला पाणी लागलं तेव्हा पुढाऱ्याला हार घातला, नारळ फुटला, भाषणं झाली. सर मधेच उठून उभे. "ते सगळं ठीक. जागा कोणी दाखवली?" पाणाड्या म्हातारा मागे बाभळीखाली बिडी ओढत बसला होता. सगळ्या माना तिकडे वळल्या तसा तो बिचारा बिडी टाकून घाबरून उभाच राहिला. पुढाऱ्याचं तोंड कारलं खाल्ल्यासारखं झालं. मुख्याध्यापकांनी दुसऱ्या दिवशी सरांना बोलावून सांगितलं, की तुमचे प्रश्न वर्गात विचारत जा.

वर्गात काय कमी होते! एकदा सरांनी फुटक्या पाट्यांचे तुकडे गोळा केले. प्रत्येक तुकड्याला भोक, भोकातून सुतळी, सुतळीला गाठी. गाठ दातात धरायची, पाटी डोळ्यांसमोर ताणून धरायची. खालची कड क्षितिजाला लागली आणि वरची ताऱ्याला, की तारा किती वर आहे ते कळतं, आणि त्यावरून आपण समुद्रात कुठे आहोत ते. आपल्या समुद्रातले जुने वाटाडे हेच करायचे म्हणे. आता भर दुपारी तारा कुठून आणायचा? म्हणून सगळा वर्ग मैदानात, तोंडात सुतळ्या, आणि नेम झेंड्याच्या खांबावर. तेवढ्यात मुख्याध्यापक ऑफिसातून बाहेर आले. पोरांनी खांब सोडून पाट्या त्यांच्याकडे वळवल्या.

"काय चाललंय हे?"

एक पोरगी सुतळी न सोडता दातांतूनच म्हणाली, "तुमची उंची काढतोय, सर."

मी खिडकीत पदर तोंडाला लावून उभी होते. हसून हसून माझ्या पोटात दुखायला लागलं.

त्याच धड्यात सर एक गोष्ट दरवर्षी सांगायचे, मला ती भिंतीपलीकडून ऐकून पाठ झाली होती. प्रत्येक वाटाड्याचं आपलं पाणी असतं. ह्या किनाऱ्याचा माणूस त्या किनाऱ्याला चालत नाही. आपलं पाणी संपलं की तो उतरतो आणि पुढचा चढतो. परक्या कप्तानांना हे कळायचं नाही. त्यांना वाटायचं, हा पळतोय, हा दगा देतोय. मग त्याच्यावर पहारा, त्याच्या पायात बेडी. "ज्याच्या भरवशावर जीव, त्याच्याच पायात बेडी!" सर असं ओरडायचे, की माझ्या वर्गातल्या पहिल्या बाकावरचं पोर दचकायचं.

मग बुधा आला.

सिद्धगडाच्या पायथ्याला एक वाडी आहे, बुधा तिथला. पन्नाशीचा, काटक, कमरेला कोयता. शाळेची सहल गडाखालच्या रानात वाट चुकली तेव्हा हा पुढे झाला आणि काही न बोलता सगळ्यांना रस्त्यावर आणून सोडलं. सर बसमध्ये लिंबू विसरले इतके खूश. माझ्या शेजारी येऊन बसले आणि म्हणाले, "बाई, सापडला!"

"कोण सापडला?"

"तोच हो. गलबतावरचा दुसरा माणूस. पुस्तकात शोधत होतो, इथे आपल्या शेजारी राहतोय."

पुढच्याच आठवड्यात बुधाचा वर्गात सत्कार. बुधाला खुर्चीवर बसवलं, बाजूला नारळ. तो खुर्चीच्या कडेला टेकून बसलेला, आणि सर सुरू. आफ्रिकेचा किनारा, वारे, गाठींची सुतळी, बेडी. मधे बुधाने हात जरासा वर केला. "सर, एक सांगाचं व्हतं..."

"थांब, बुधा. आधी मी ह्यांना तुझं महत्त्व सांगतो."

तास संपल्याची घंटा झाली तरी सर बोलतच होते. शेवटी बुधा नारळ घेऊन उठला, सगळ्यांना हात जोडले आणि गेला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. तो बोलला ते तेवढंच.

त्या काळात मुंबईहून डोंगर चढणारी मंडळी आमच्याकडे यायला लागली होती. पाठीवर पोत्यांएवढ्या सॅक, पायात जाड बूट, एसटी थांब्यावर नकाशे पसरून बसायची. मग पेपरच्या पुरवणीत त्यांचा लेख यायचा, 'आम्ही शोधलेली नवी वाट'. सरांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. "नवी? अहो, त्या वाटेने वाडीतल्या बाया बाजाराला येतात! डोक्यावर भारे घेऊन!" ते कात्रण घेऊन सगळ्या खोलीत फिरायचे.

दिवाळीची सुट्टी संपली त्याच सुमारास असाच एक गट शाळेत आला. सिद्धगडाच्या बाजूने वर चढून घाटमाथ्यावर, तिथून भीमाशंकरला जायचं होतं. कुणीतरी सांगितलं, शाळेतल्या सरांना विचारा. सरांनी त्यांना बसवलं, चहा दिला (स्वतः वास घेऊन) आणि अट घातली, की लेखात वाटाड्याचं नाव पहिलं आलं पाहिजे. म्होरक्या हसून हो म्हणाला.

"मग बुधा तुम्हाला नेईल. पार वर पोचवील."

मी समोरच वह्या तपासत बसले होते. हे बोलणं झालं तेव्हा बुधा तिथे नव्हता. सरांनी त्याला नंतर निरोप धाडला, की अमक्या दिवशी माणसं येतील, त्यांना ने.

पुढचं आम्हाला कळलं ते एकदम. गट रानात भरकटला होता, एकजण घसरून दरीत पडला, मांडीचं हाड मोडलं. वरच्या वाडीच्या माणसांनी दुसऱ्या दिवशी शोधून, झोळी करून त्याला आणलं. जीव वाचला. पण म्होरक्याने पोलीस चौकीत तक्रार दिली होती, की वाटाड्या अर्ध्यावर सोडून पळाला, लुटायचाच बेत होता. बुधाला सकाळीच वाडीतून उचलून आणलं होतं.

शिक्षकांच्या खोलीत सर उभेच होते. चेहरा काळा पडलेला. मला वाटलं, आता हा माणूस पेटून उठणार. आणि सर काय म्हणाले ते ऐका.

"मला दाट संशय आहे, बाई. हा परत का आला? अर्ध्यावरून? कुणीतरी त्याला..."

माझं डोकंच फिरलं. हातातल्या वह्या मी टेबलावर आदळल्या. "सर, शोभतं का तुम्हाला हे? रोज भिंतीपलीकडून मी ऐकते, कप्तानाने बेडी घातली, कप्तानाने बेडी घातली. आता तुमच्यात आणि त्या कप्तानात फरक काय राहिला? आधी त्या माणसाला विचारा तरी!"

कुणी सरांशी असं बोललं नव्हतं, मीही नाही. सरांनी माझ्याकडे पाहिलं आणि खाली बसले. जरा वेळाने हळूच म्हणाले, "तुम्ही येता का माझ्याबरोबर?"

चौकीच्या पडवीत बुधा भिंतीला टेकून उकिडवा बसला होता. कोयता कमरेला नव्हता, काढून घेतला असणार. समोर झाडाखाली त्याची बायको भाकरीचं गाठोडं मांडीवर घेऊन बसलेली. आत फौजदार, म्होरक्या, आणि आमच्या आधी पोचलेले मुख्याध्यापक.

सर आत गेलेच नाहीत. ते बुधासमोर तसेच खाली बसले, पँटीची इस्त्री मोडून. "बुधा, तू परत का आलास?"

बुधाने त्यांच्याकडे पाहिलं. "आमची शीव सपली नं, सर. आमचं रान तिथवर. म्होरं वरल्या वाडीचं रान, त्यांचा देव. तिथून त्यांचा मानूस नेतो. माझ्या बापानं बी असंच केलं, त्याच्या बापानं बी. बाजारात मी निरोप दिला व्हता. मी ह्यांना बोललो, इथं बसा, मानूस येल. नि मी आलो."

"मग हे तू मला आधी का नाही सांगितलंस?"

"सांगाया लागलो का तुमी थांब बोलता." बुधाच्या आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं. "तुमी इचारलं कवा?"

मी मागे उभी होते, मला त्यांची फक्त मान दिसत होती. प्रत्येक वाटाड्याचं आपलं पाणी, आपलं पाणी संपलं की तो उतरतो, हे ज्याने वर्षानुवर्षं गळा फाडून शिकवलं, त्या माणसाला शेजारच्या डोंगरात तेच चालतं हे ठाऊक नव्हतं. मला त्यांचा राग आला होता तो कुठल्या कुठे गेला. इतकी दया आली, की मी तोंड फिरवून त्या झाडाकडे बघत राहिले.

म्होरक्या दारात आला होता. "बसा म्हणाला, बरोबर. पण किती वेळ बसायचं? आम्हाला संशय आला. म्हटलं, हा आम्हाला इथे बसवून आणखी माणसं आणायला गेलाय. म्हणून आम्ही घाईघाईने निघालो, आणि ह्याच्यामुळे आमचा माणूस पडला."

संशय हा शब्द ऐकून सर गर्रकन वळले. वाटलं, आता भांडण. पण त्यांनी फक्त त्याच्याकडे पाहिलं, बराच वेळ.

फौजदार वयस्क होते, शांत. त्यांनी सरांना विचारलं, "मास्तर, तुम्ही ह्यांना काय सांगितलं होतं? कुठवर नेईल म्हणालात?"

मुख्याध्यापकांनी सरांना दंडाला धरून बाजूला घेतलं. मलाच काय ते ऐकू येईल इतक्या हळू म्हणाले, "नक्की आठवत नाही म्हणा. संस्थेचं नाव मधे येतंय. त्याचं काय व्हायचं ते होईल, गरीब माणूस आहे, चारदोन महिन्यांनी सुटेल." गरीब माणूस आहे म्हणून सुटेल! हे असं कुठे होतं हो? बुधाच्या बायकोला बोलणं ऐकू गेलं नसेल, पण ती उठून उभी राहिली होती.

सरांनी दंड सोडवून घेतला. "मी सांगितलं होतं, पार वर पोचवील," ते फौजदारांना म्हणाले. "बुधाने तसं कबूल केलं नव्हतं. मी त्याला विचारलंच नव्हतं. ह्यांना चुकीचं मी सांगितलं. चूक माझी आहे, त्याला सोडा."

"विचारलंच नव्हतं?"

"नाही. मी नुसता बोलत होतो."

बुधाला त्याच दिवशी सोडलं. म्होरक्याने मग सगळा राग सरांवर काढला, संस्थेकडे लांबलचक तक्रार केली. जूनमध्ये बदली, हे तेव्हाच ठरल्यासारखं झालं. सरांना त्याचं काही वाटलं नाही. त्यांना लागलं ते वेगळंच. माफी मागायला ते वाडीवर गेले तेव्हा बुधाने त्यांना पाणी दिलं, बसायला घोंगडी दिली आणि सांगितलं, "झालं ते गेलं. पन आता मी कुनाला वाट दावनार नाय, सर. कुनालाच."

हे सरांनीच मला सांगितलं. म्हणाले, "बाई, पुस्तकवाल्यांनी निदान त्याला गलबतावर तरी ठेवला. मी तर उतरवूनच टाकला."

नंतर गलबताचा धडा आला, पण भिंतीपलीकडून आवाज आला नाही. सर धडा नुसता वाचत होते. माझी पोरं शहाण्यासारखी भागाकार करत होती आणि मला ते अजिबात आवडलं नाही. माठावरचा खडूही गेला. कुणीही यावं, पाणी प्यावं. आमच्यातल्या एकदोघांना तर चुकल्याचुकल्यासारखं झालं. ते मुद्दाम सरांना विचारायचे, "सर, दूध कुठलं?" सर कसंनुसं हसायचे.

मुरबाडच्या आठवडी बाजारात बुधा रानातलं काहीबाही घेऊन बसायचा, कधी मध, कधी आवळे, कधी कंद. सर दर बाजारी तिथे जाऊन त्याच्या शेजारी बसायला लागले. बोलायचे नाहीत, विचारायचे नाहीत. गिऱ्हाईक आलं की जरा सरकून जागा द्यायचे. आता एक मास्तर, इस्त्रीची पँट, दर आठवड्याला आवळ्यांच्या टोपलीशेजारी का बसतो? लोकांना शंका यायची. बुधाला तर जास्तच.

"काय पायजे तुमाला, सर?"

"काही नाही. बसतो जरा."

"आमच्या बाया भ्यातात. बोलतात, हा सरकारी मानूस हाय, काय तरी लिवून नेल."

"मग लांब बसू का?"

बुधाने डोकं खाजवलं. "बसा हितंच."

थंडी सरली. शिमग्याच्या आधी एका बाजारी मी भाजी घ्यायला गेले होते, तर बुधाने मला हाक मारली. "बाई, सरांना वर शिवेला नेतो. पन तुमी संगती चला."

"मी कशाला?"

"सरांचा भरवसा नाय."

सर शेजारीच बसले होते. ते खाली बघून हसले आणि म्हणाले, "चला, बाई. खरं तेच बोलतोय तो."

सर पुढे शहापूरकडच्या शाळेत गेले, तिथूनच निवृत्त झाले, आणि दोन हजार सालानंतर केव्हातरी एका उन्हाळ्यात वारले. मला कळलं तेव्हा महिना उलटून गेला होता. मी भेटायलाही जाऊ शकले नाही. गेले असते तर कोण म्हणून सांगणार होते, शेजारच्या वर्गातली बाई? घरी स्वयंपाक करता करता रडले आणि कांद्याचं नाव सांगितलं. इतका हट्टी, संशयी, कटकट्या माणूस, आणि मला त्याच्यावाचून शाळा ओकीबोकी वाटली होती, हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतेय.

मला ते आठवतात ते त्या शिवेवरचे.

चढून चढून माझा जीव मेटाकुटीला आला होता. सरांचं तर विचारू नका, दर वळणावर झाडाला धरून उभे. वर एक हिरड्याचं झाड आणि त्याच्या बुंध्याशी शेंदूर लावलेले दोन दगड. बुधा तिथे थांबला, वाटेतला पाला उचलून दगडांवर ठेवला. "इथवर आमचं."

सर खाली बसले. मीही बसले. पलीकडे रान तसंच होतं, तीच झाडं, तीच माती. मला तर काही फरक दिसत नव्हता. वरच्या वाडीच्या माणसाचा पत्ता नव्हता. ऊन कलायला लागलं.

"तू जा, बुधा," सर म्हणाले. "तुझ्या घरी वाट बघत असतील. आम्ही बसतो इथेच."

"नाय." बुधा दगडांच्या अलीकडे, आपल्या बाजूला टेकला. "तुमी उठून जाल."

"नाही रे जाणार."

"समदे असंच बोलतात."

जन्मभर दुसऱ्यांवर संशय घेणाऱ्या माणसावर कुणीतरी उघड उघड संशय घेतला होता, आणि त्याला तो मान्य होता. सरांनी मान हलवली. "बरोबर आहे तुझं. बस."

आम्ही तिघं बसून राहिलो. सर एकदाही म्हणाले नाहीत, किती वेळ, कुठे राहिला, येतो का नाही. माझ्या मात्र ओठांवर दहा वेळा आलं. शेवटी वरून पाचोळा वाजला आणि एक धिप्पाड गडी उतरून आला, खांद्यावर कुऱ्हाड. बुधाने त्याला सांगितलं, "हे सर. ह्या बाई. सरांना बसवत बसवत न्या, घाटात त्यांचं डोकं फिरतं."

गडी वळला. "चला."

मी उठले, पदर खोचला. सर उठले नाहीत. त्यांनी त्या माणसाकडे वर पाहिलं आणि हात जोडून विचारलं, "दादा, आधी एक सांगा. तुम्ही आम्हाला कुठवर नेणार?"

गडी चक्रावला. मग तो दगडांच्या पलीकडे खाली बसला आणि हाताने दाखवत सांगायला लागला, कुठला ओढा, कुठलं पठार, कुठे त्याचं रान संपतं आणि तिथून पुढे कोण येईल, त्याचं नाव काय. सर ऐकत होते, मधे एक शब्द बोलले नाहीत. मी बुधाकडे पाहिलं. दिवाळीनंतर पहिल्यांदाच तो हसत होता. गड्याचं सांगून पूर्ण झालं, तेव्हा सर उठले.